जुना गेमिंग पीसी: दुरुस्त करायचा, अपग्रेड करायचा की नवा असेंबल करायचा?

पाच-सात वर्षांचा पीसी गेममध्ये अडखळायला लागला की मित्र सांगतात ग्राफिक्स कार्ड बदल, आणि दुकानदार सांगतो की यात आता काही राहिलं नाही, नवाच घ्या. दोघांनीही कॅबिनेट उघडून बघितलेलं नसतं. नेमका कुठला पार्ट अडवतोय हे आकड्यांत दिसेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. शोधायला एक संध्याकाळ पुरते आणि लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

उदाहरण म्हणून २०१९च्या आसपास आपल्याकडे बऱ्याच जणांनी जोडून घेतलेलं मशीन धरू: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०६० किंवा १६६०, आणि विंडोज हार्ड डिस्कवर.

पायरी १: बिघाड आहे की ताकद कमी पडतेय?

दोन वर्षांपूर्वी छान चालणारा गेम आज त्याच सेटिंगवर अडखळत असेल तर तो बिघाड. जुने गेम पूर्वीसारखेच चालतात, फक्त नवे झेपत नाहीत, तर ताकद कमी पडतेय. प्रोसेसर किंवा कार्ड वयामुळे हळू होत नाही. हळू होतं ते उष्णतेमुळे, मरत चाललेल्या डिस्कमुळे किंवा बदललेल्या सेटिंगमुळे. बिघाड असताना अपग्रेड केलंत तर नवा पार्टही त्याच बिघाडात अडकतो, म्हणून आधी बिघाड शोधा.

तापमान: एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून वीस मिनिटं गेम खेळा. प्रोसेसर नव्वदीच्या पुढे गेला आणि त्याच वेळी क्लॉक (त्याचा वेग) खाली आला, तर धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट, एवढंच. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. एएम४ सॉकेटच्या बोर्डवर (बी४५० त्यातलाच) कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट वाळलेली असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून कूलरसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सैल करा आणि नंतरच उचला.

डिस्क: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) हिरवं-निळं सोडून दुसरा कुठलाही रंग दिसला तर त्याच दिवशी डेटा काढून घ्या. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्याच. पुढे निर्णय काहीही झाला तरी ती नव्या मशीनमध्ये जाते.

रॅम: मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चार पास, म्हणजे चार फेऱ्या. एक जरी एरर आली तरी ती एररच. एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बोर्डाची सेटिंग) बंद करून, एकेक स्टिक वेगळी लावून पुन्हा तपासा.

बॅटरी: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे पडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. सेल मेलेला असेल तर बऱ्याच बोर्डांवर रोज सकाळी बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर येतो, एक्सएमपी उडतं आणि ३००० किंवा ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालत राहते. गेम हळू होतो आणि दोष प्रोसेसरवर जातो. सेल बदला, एक्सएमपी पुन्हा लावा.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा): गेमच्या भर गर्दीत, निळी स्क्रीन न येता पीसी फटकन बंद पडतो आणि तापमान ठीक आहे, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पीसी नीट बंद न होता गेला एवढंच सांगते, कारण सांगत नाही. पिवळ्या वायरवर मल्टिमीटरने लोडखाली ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, क्षणभराची घसरण मीटर पकडत नाही. खात्री हवी असेल तर ओळखीच्यांचा चांगला एसएमपीएस लावून बघा. एसएमपीएस उघडून दुरुस्त करून घेऊ नका. तो बदलायचाच असतो.

पायरी २: प्रोसेसर अडवतोय की कार्ड?

सगळी गल्लत इथे होते. लोक टास्क मॅनेजर उघडतात, सीपीयू ४५ टक्के दिसतो, आणि प्रोसेसरला अजून वाव आहे असं समजून कार्ड आणतात. फ्रेम तेवढ्याच राहतात. कारण साधं आहे. २६००मध्ये १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एकाच वेळी १२ कामं हाताळतो. गेमचा मुख्य थ्रेड एका थ्रेडवर पूर्ण गच्च झाला तरी एकूण आकड्यात तो साधारण ८ टक्केच दिसतो. बाकीचे थ्रेड अर्धवट रिकामे, आणि सगळी फ्रेम त्या एकासाठी खोळंबलेली. त्यामुळे सीपीयूचा एकूण टक्का गेमिंगसाठी निरुपयोगी आहे. त्याच्याकडे बघूच नका. बघायचा तो जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा टक्का.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि सोबत येणारं रिव्हाट्यूनर बसवा. स्क्रीनवर जीपीयूचा वापर, व्हीआरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि एक टक्का लो (सर्वात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) दिसू द्या. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा. गेममधली आणि ड्रायव्हरमधली फ्रेमची मर्यादा काढा. डीएलएसएस किंवा एफएसआर चालू असेल तर तेही बंद, कारण ते आतून रिझोल्यूशन कमी करतात आणि मापच चुकतं. गेममध्ये गर्दीची जागा निवडा, शहराचा चौक किंवा मोठी लढाई. बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून घेतलेलं माप काही सांगत नाही. एकच रस्ता एक मिनिट चाला, तीनदा, आणि मधला आकडा धरा.

आता मुख्य चाचणी. रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पी करा आणि बाकी काहीही हलवू नका. फ्रेम चांगल्या वाढल्या तर कार्ड अडवत होतं. तिथेच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम. "सगळं लो करून बघ" हा सल्ला मात्र ऐकू नका. लो प्रीसेट रस्त्यावरची माणसं, सावल्या, दूरपर्यंत दिसणाऱ्या वस्तूही कमी करतो, म्हणजे प्रोसेसरचंही ओझं उतरवतो. फ्रेम वाढतात, तुम्हाला वाटतं कार्डच दोषी, आणि पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. फक्त रिझोल्यूशन बदला.

या चाचणीत आणखी एक गोष्ट हाती लागते. ७२०पीवर मिळालेला आकडा ही तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा असते. समजा १०८०पीवर ४८ एफपीएस मिळतात आणि ७२०पीवर ६२. मग कितीही महागडं कार्ड लावा, त्या जागी १०८०पीवर साधारण ६२च्या पुढे जाणार नाही. १४ फ्रेमसाठी तेवढे पैसे मोजायचे का, हे तुम्ही खरेदीआधी ठरवू शकता. याउलट ७२०पीवर ११० मिळाले तर निर्धास्त कार्ड घ्या.

दोन गोष्टी मात्र या चाचणीला फसवतात. पहिली, एकच रॅम स्टिक. सिंगल चॅनेलवर, म्हणजे रॅमचा डेटा एकाच वाटेने येताना, प्रोसेसर उपाशी राहतो आणि निकाल "प्रोसेसर कमजोर" असा येतो. ८ जीबी भरली की विंडोज डिस्कवर लिहायला लागतं आणि दर काही सेकंदांनी झटका बसतो. प्रोसेसरला नावं ठेवण्याआधी ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक लावा, चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि चाचणी पुन्हा घ्या. दुसरी, भरलेली व्हीआरॅम. जीपीयूचा टक्का वरखाली नाचतो आणि तेही प्रोसेसरच्या दोषासारखंच दिसतं. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. झटके गेले तर कार्डाची मेमरी कमी पडतेय, प्रोसेसरचा काही संबंध नाही.

सरासरीपेक्षा एक टक्का लोकडे लक्ष द्या. सरासरी ७० आणि लो २५ असेल तर हाताला तो गेम अडखळणाराच लागतो.

पायरी ३: निर्णय

कार्ड अडवत असेल तर कार्ड बदला, पण बोर्ड बघून. बी४५०वरचा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० आहे. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० त्यातल्या आठ लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. व्हीआरॅम भरेपर्यंत त्यांना फारसा फरक पडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, जुन्या बोर्डवर ते घेऊच नका. इंटेल आर्क कार्डाला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो बायॉसमध्ये नसेल तर विचार सोडा. सेकंडहँड आरएक्स ५८० घेत असाल तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेडर (कार्डातले छोटे गणन-भाग) २३०४ दिसायला हवेत. २०४८ दिसले तर ते कमी ताकदीचं, वेगळं कार्ड आहे. जीटीएक्स १०-मालिकेत आता पैसे घालू नका. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर त्यांचे गेम ड्रायव्हर थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात.

प्रोसेसर अडवत असेल तर प्रश्न सॉकेटचा. एएम४ असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याच बी४५०वर रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स बसतो आणि बोर्ड-रॅम तीच राहते. कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची यादी बघा. बायॉस अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करा. आधी प्रोसेसर बदलला आणि बायॉस जुना राहिला तर स्क्रीन काळीच राहते. अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड मेला असं समजा.

इंटेलमध्ये हा मार्ग अरुंद आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर आठवी-नववी पिढी चालत नाही, सॉकेट दिसायला सारखाच असला तरी. तिथे जास्तीत जास्त सेकंडहँड आय७ ७७०० मिळेल, आणि त्याची किंमत त्याच्या कामाच्या मानाने फार असते.

मग विंडोज. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचे प्रोसेसर चालतात. २६०० बसतो, १६०० नाही. विंडोज ११ला टीपीएम ही सुरक्षेची सोय लागते, त्यासाठी बायॉसमध्ये एफटीपीएम (एएमडी) किंवा पीटीटी (इंटेल) चालू करा. काही ऑनलाइन गेमचे अँटी-चीट टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतात.

मदरबोर्ड बदलावा लागत असेल तर ते अपग्रेड नाही, तो नवा पीसी आहे. बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकदम जातात. अशा मशीनसाठी डीडीआर३ रॅम, जुना आय७ किंवा एच८१चा "नवा" बोर्ड यांत पैसे अडकवू नका. चौथ्या पिढीच्या इंटेलवर असाल तर एसएसडी सोडून काही घेऊ नका, बाकी पैसे साठवा. फक्त रॅमचा भाव आधी विचारा. २०२५च्या अखेरीपासून रॅम खूप महागली आहे आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५च लागते. तुमच्याकडे १६ जीबी डीडीआर४ आधीच असेल तर एएम४वर राहण्याचं पारडं आज चांगलंच जड आहे.

पायरी ४: नव्यात जुनं काय न्यायचं?

एसएसडी, कॅबिनेट, मॉनिटर, पंखे. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर बजेटमध्ये त्याचेही पैसे धरा, नाहीतर १४० एफपीएस काढूनही डोळ्यांना ६०च दिसतात.

एसएमपीएस नामांकित कंपनीचा, वॉरंटीतला आणि पुरेशा वॉटचा असेल तरच न्या. बिननावाचा असेल तर पहिला खर्च त्याच्यावर. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना आतल्या जुन्या केबल तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो, कारण केबल ओढून-बांधून नीट लावलेल्या असतात. तसं करू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही. प्लग चपखल बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि बटण दाबताक्षणी सगळ्या डिस्क डेटासकट जळतात. जुन्या एसएमपीएसच्या सगळ्या केबल काढा, त्याच्याच खोक्यात घाला आणि खोक्यावर मॉडेल लिहून ठेवा.