सॉर्ट कमांडने मराठी याद्या एकत्र करताय? या चुका टाळा

सॉर्ट (फाइलमधल्या ओळी क्रमाने लावणारा प्रोग्रॅम) चुकीचं काम करतो तेव्हा बहुतेक वेळा काही बोलत नाही, एरर येत नाही, फाइल तयार होते, वरवर बघितलं तर बरोबरच वाटते, आणि घोळ कळतो तो यादी छापून हातात आल्यावर. म्हणून हे लिहितोय, खास करून जे लोक लायब्ररीच्या पुस्तकांची किंवा संस्थेच्या सभासदांची मराठी यादी चार-पाच जणांकडून टाइप करून घेतात आणि मग टर्मिनलवर एकत्र करतात त्यांच्यासाठी. सगळं लिनक्सवरच्या जीएनयू सॉर्टबद्दल आहे, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधला सॉर्ट हा वेगळाच प्रोग्रॅम आहे. पर्याय इथे बोलतो तसे लिहिलेत, डॅश ओ म्हणजे -o, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगतो. यादी सॉर्ट करायची आणि आउटपुट बाणाने (>) परत त्याच फाइलमध्ये टाकायचं. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल (टर्मिनलवर आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ती फाइल लिहायला उघडतं आणि उघडतानाच रिकामी करतं, मग सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. शून्य बाइट. बॅकअप नसेल तर डेटा गेला. त्याच फाइलमध्ये हवं असेल तर डॅश ओ वापरा, त्यात सॉर्ट आधी सगळं वाचून घेतो आणि मग लिहितो. पण डॅश एम सोबत असेल तर तीही खात्री नाही, तिथे आउटपुटला नवीन नावच द्या.

आता हा डॅश एम. मर्ज म्हटल्यावर लोकांना वाटतं की दोन फाइल दिल्या की एकत्र होऊन क्रमाने लागतील, पण डॅश एम सॉर्ट करतच नाही, फाइल आधीच क्रमात आहेत असं धरून चालतो आणि फक्त गुंफतो. एक जरी फाइल क्रमात नसली तरी गुपचूप चुकीची यादी देतो. आधी प्रत्येक फाइल डॅश सी लावून तपासा, पहिली चुकीची ओळ नंबरासकट दाखवतो. आणि क्रमात म्हणजे त्याच लोकेलच्या (भाषा आणि अक्षरांचा क्रम ठरवणारी सेटिंग) क्रमात, त्याच कीवर (ओळीतल्या ज्या भागावरून क्रम लावायचा तो भाग). एका मशीनवर सॉर्ट केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर क्रमात नसू शकते, २०१८ मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सॉफ्टवेअर लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनमध्ये अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले तेव्हा डेटाबेसच्या इंडेक्सनासुद्धा याचा फटका बसला होता. माझं मत सरळ आहे, मर्ज, किंवा जॉइन, कॉम या याद्या जुळवणाऱ्या कमांड, असली सगळी कामं LC_ALL=C (एलसी_ऑल हे लोकेल ठरवणारं व्हेरिएबल, सी म्हणजे नुसत्या बाइटच्या क्रमाचं लोकेल) ठेवूनच करा, आणि ते एक्सपोर्ट करा, कारण नुसतं सॉर्टच्या आधी लिहिलं तर पाइपच्या पुढच्या जॉइनला ते लागू होत नाही आणि मग तो फाइल सॉर्टेड नाही म्हणून ओरडतो.

याद्या वेगवेगळ्या लोकांकडून आल्या की फाइलच्या शेवटी एंटर नसतो हेही होतं. कॅट या फाइल एकापुढे एक जोडणाऱ्या कमांडने जोडून सॉर्टला पाठवलं की पहिल्या फाइलचं शेवटचं नाव आणि दुसरीचं पहिलं नाव एकाच ओळीत चिकटतं. कॅट मध्ये आणूच नका, सॉर्टला सगळ्या फाइलची नावं थेट द्या, तो हे सांभाळून घेतो. विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं जादा अक्षर असतं, त्यामुळे तीच ओळ लिनक्सवरच्या फाइलमध्येही असली तरी डॅश यू (दुबार ओळी काढणारा पर्याय) ती काढत नाही. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की सुरुवातीला बीओएम या न दिसणाऱ्या खुणेचे तीन बाइट येतात आणि सी लोकेलमध्ये ते देवनागरीच्या नंतर लागतात, म्हणून पहिली ओळ थेट तळाशी जाऊन बसते. 'फाइल' नावाची कमांड चालवून बघा, सीआरएलएफ आणि बीओएम दोन्ही सांगते, डॉसटूयुनिक्स दोन्ही काढतं.

मराठीत खरी डोकेदुखी पुढे आहे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखे, बाइट वेगळे, त्यामुळे 'गोऱ्हे' आडनाव डॅश यू लावूनही दोनदा येतं. तसंच ॲ, काही कीबोर्ड एकच अक्षर देतात, काही अ वर चंद्र देतात. युनिकोड नॉर्मलायझेशनने हे दोन्ही एक होत नाहीत, सेड या अक्षरं बदलणाऱ्या कमांडने स्वतः बदलून घ्यावं लागतं, आणि ते सॉर्टच्या आधी, नंतर नाही.

की देताना डॅश के ३ लिहिलं तर तिसऱ्या कॉलमपासून ओळ संपेपर्यंत सगळं धरलं जातं. फक्त गावावर सॉर्ट करायचं असेल तर ३,३ लिहा आणि सीएसव्ही असेल तर डॅश टी कॉमा द्या. सोबत डॅश यू लावलात तर मात्र सांभाळा, तो पूर्ण ओळ नाही बघत, फक्त की बघतो, म्हणजे एका गावातला एकच सभासद शिल्लक राहतो आणि बाकीचे न सांगता गायब. सॉर्टच्या आधी आणि नंतर डब्ल्यूसी डॅश एलने ओळी मोजायची सवय लावा. सॉर्ट नक्की कशावर करतोय ते बघायचं असेल तर डॅश डॅश डीबग, कीच्या खाली रेघ मारून दाखवतो.

सभासद क्रमांक देवनागरी आकड्यात असतील तर डॅश एन काहीच कामाचा नाही. त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात, १० आणि ९ दोन्ही शून्य धरले जातात आणि मग नुसत्या अक्षरांच्या क्रमाने १० आधी येतो. सेडच्या वाय कमांडने ० ते ९ बदलून घ्या, पण ते यूटीएफ-८ लोकेलमध्ये, सी लोकेलमध्ये लांबी जुळत नाही म्हणून एरर येते.

छापायच्या यादीचं वेगळं. सी लोकेलमध्ये ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, क्ष क मध्ये जातो आणि एकच अक्षर असलेला ॲ तर ह च्याही नंतर. आपल्या वर्णमालेचा क्रम हवा असेल तर सगळं मर्ज आणि सफाई झाल्यावर शेवटची एक सॉर्ट मराठीच्या एमआर_आयएन लोकेलमध्ये करा. ते मशीनवर आहे का हे आधी लोकेल डॅश ए ने बघा, नसेल तर सॉर्ट न सांगता सी वरच जातो. आणि आउटपुटमध्ये ळ, क्ष, ज्ञ कुठे पडलेत ते छापायला द्यायच्या आधी डोळ्याने तपासा.