समर रिसर्च फेलोशिपचा फॉर्म भरताय? मी केलेल्या या चुका टाळा

आमच्याकडं सांगलीत समर रिसर्च फेलोशिप, म्हणजे उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत जाऊन स्टायपेंडवर संशोधन करायची संधी, हा शब्द पोरांच्या कानावर पडतो तो कुणाचं तरी सिलेक्शन झाल्याचं व्हॉट्सॲप स्टेटस दिसतं तेव्हा, आणि तोवर फॉर्म कधीच बंद झालेले असतात. एफ.वाय.ला माझं हेच झालं. एस.वाय.ला फॉर्म भरला आणि स्वतःच्या चुकीनं घालवला. टी.वाय.ला लागलं एकदाचं. आता ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आहे आणि ज्युनिअर पोरं-पोरी तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. मार्कांमुळं फॉर्म जातो असं सगळ्यांना वाटतं, पण मी जवळून बघितलेले निम्मे तरी फॉर्म मार्कांपर्यंत पोचलेच नव्हते.

पहिली गोष्ट तारखेची. उन्हाळ्यात जायचंय म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर बघू, हे डोक्यातून काढा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची फेलोशिप देतात, तिचा फॉर्म आधल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास भरायचा असतो. जवाहरलाल नेहरू सेंटर, टीआयएफआर, पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचे आपापले प्रोग्राम आहेत आणि तारखा थोड्या मागंपुढं. तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळं ग्रुपवर फिरणारा जुना पीडीएफ बघू नका, वेबसाइटच बघा. मी तर म्हणतो दिवाळीचा फराळ संपायच्या आत सगळी कागदं एका फोल्डरमध्ये पाहिजेत, कारण दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं ऑफिस बंद असतं आणि नेमका तेव्हाच बोनाफाइड लागतो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. एस.वाय.चा फॉर्म मी चांगला आठवडाभर आधी भरला, रेफरन्समध्ये, म्हणजे शिफारस कोण करणार तिथं, सरांचा कॉलेजचा मेल आयडी टाकला (शिफारसपत्र भरायची लिंक त्याच मेलवर जाते), सबमिट केलं आणि निवांत झालो. मला वाटलं झालं काम. मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी सहज विचारायला गेलो तर सर लॅबमध्ये, एफ.वाय.च्या बॅचचं टायट्रेशन चाललेलं, एका पोरानं फिनॉल्फ्थॅलीन टाकायचं विसरून निम्मं ब्युरेट रिकामं केलेलं आणि सर त्याच्यावर तापलेले. तेवढ्यात माझ्याकडं वळून म्हणाले, "कसली लिंक रे? मला तर काय आलं नाही." मग मोबाईल काढला, तो कॉलेजचा आयडी उघडायला पासवर्ड आठवेना, शेवटी ऑफिसमधनं रीसेट करून घेतला आणि स्पॅममध्ये बघितलं तर पर्सनल लोनच्या जाहिरातींच्या मधे माझी लिंक आठ दिवस पडून होती. सरांची काय चूक नाही त्यात. मी फॉर्म भरणार आहे हे मी त्यांना धड सांगितलंच नव्हतं.

तर आधी भेटा, आणि कुठला मेल रोज उघडता ते त्यांनाच विचारा. काही फॉर्म जीमेल घेत नाहीत, संस्थेचाच आयडी मागतात, मग फॉर्म भरायच्या आधी तो आयडी चालू आहे का ते त्यांच्यासमोरच उघडून बघा, लाजायचं नाही. लिंक गेली की त्याच दिवशी फोन, "सर, स्पॅम पण बघा." आणि एक कागद द्या हातात: कुठला प्रोग्राम, शेवटची तारीख, तुमचे मार्क, त्यांच्या हाताखाली केलेला प्रोजेक्ट. एका सरांकडं वर्षाला शंभर-दोनशे पोरं असतात, तुम्ही नेमकं काय केलंत ते त्यांना कुठनं आठवणार?

प्राचार्यांचं लेटर घ्यायचा मोह होतो, सही भारी दिसते ना. पण त्यांनी तुम्हाला काम करताना बघितलेलंच नसतं, मग "वर्तणूक चांगली असून उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा" असलं काहीतरी येतं, ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शोभतं. त्यापेक्षा ज्या मॅडमनी तुम्हाला दोन वेळा प्रॅक्टिकल परत करायला लावलं त्यांचं लेटर घ्या.

दुसरी मोठी माती मी केली ती राइट-अपमध्ये. काय करायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं, शंभर-दोनशे शब्दांच्या घरात, आणि माझं पहिलंच वाक्य "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे". पुढं नॅनोटेक्नॉलॉजी, कॅन्सर, ग्रीन एनर्जी, सगळं एकाच ताटात. हल्ली तर चॅटजीपीटीनं लिहिलेलं टाकतात, दहा जणांचं शेजारी ठेवलं तर भावंडं वाटतील.

टी.वाय.ला मी हळदीचं लिहिलं. आमचा छोटा प्रोजेक्ट होता, बाजारातल्या वेगवेगळ्या हळद पावडरीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, किती ते मोजायचं. ते इथेनॉलमध्ये काढलं की 425 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, पण आमच्याकडं साधा कलरीमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजायचं यंत्र), त्यात 420 ची फिल्टर. सकाळचं रीडिंग दुपारी जुळेना, आठवडा गेला त्यात, मला वाटलं मशीनच बिघडलंय. मग मॅडमनी विचारलं, "टेस्टट्यूबचा स्टँड कुठं ठेवतोस?" खिडकीत ठेवायचो. कर्क्युमिन उजेडात तुटतं. ट्यूबना फॉइल गुंडाळलं आणि रीडिंग जाग्यावर आलं. हे मी जसंच्या तसं लिहिलं आणि खाली एवढंच, की हे तुटताना नेमकं काय तयार होतं ते बघायला आमच्याकडं यंत्र नाही, ते मला शिकायचंय. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला ही ओळ पण होती आधी. काढून टाकली, कारण तिच्यात माझं काम काहीच नव्हतं आणि शब्द मोजून मिळतात.

पात्रता न वाचता फॉर्म भरणारे पण खूप. अमेरिकेतल्या आरईयू नावाच्या, डिग्रीच्या पोरांसाठीच्या रिसर्च प्रोग्रामांची यादी बघून माझ्या एका मित्रानं चार रात्री घालवल्या, पण त्या प्रोग्रामांना पैसा एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेचा असतो आणि तो फक्त तिथल्या नागरिकांना, नाहीतर कायम रहिवाशांना. जर्मनीचं डाड वाइज (DAAD WISE, तिथल्या इंटर्नशिपसाठीची स्कॉलरशिप) आपल्यासाठी आहे, पण तिथं आधी एखाद्या प्रोफेसरचं निमंत्रण लागतं. ते मिळवायला लोक एकच मेल साठ जणांना पाठवतात, बाईमाणसाला "रिस्पेक्टेड सर" करून. आठ-दहाच पाठवा, पण त्यांचा एखादा पेपर वाचून पाठवा.

आणि कुठं "रजिस्ट्रेशन फी भरा, रिसर्च इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्या" दिसलं तर तिथंच थांबा. फंडेड म्हणजे पैसे ते तुम्हाला देणार, तुम्ही त्यांना नाही.

चार वर्षांच्या डिग्रीमुळं एक नवा घोळ झालाय. टी.वाय.चं पोरगं फॉर्मवर "फायनल इयर" लिहितं, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यानंतरही तुम्ही शिकत असणं गरजेचं असतं. चौथं वर्ष करणार असाल तर डिग्री पूर्ण होण्याचं वर्ष त्याप्रमाणं टाका. फक्त रिसर्चसकट ऑनर्सला पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात, ते आपलं होतंय का बघून मगच. परीक्षेचं पण तसंच. आपल्या सेमिस्टरच्या परीक्षा मे महिन्यात रेंगाळतात, तरी लोक "1 मेपासून मोकळा" असं ठोकून देतात आणि नंतर गाइडला मेल करत बसतात. प्रॅक्टिकल धरून तारीख टाका.

नावाचं तपासा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर, आणि मग स्टायपेंड अडकतं. बँका विलीन झाल्यात, सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली, तरी घरातल्या जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बघून भरणारा माणूस मला माहीत आहे. तो मीच.

सिलेक्शनचा मेल आला की हो किंवा नाही, दोन दिवसांत कळवा. दोन ठिकाणी लागलं तर एकाला वेळेवर नाही म्हणा, तुमच्यामागं आपल्याच भागातलं कुणीतरी वेटिंगला असेल. स्टायपेंड पहिल्या दिवशी मिळत नाही, मेस आणि डिपॉझिटचे पैसे घरनं घेऊन जा. बंगळुरूला जाणार असाल तर मिरजेवरनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट लगेच काढा, बुकिंग 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात स्लीपर बघता बघता भरतो. मी जायला आठवडा उरल्यावर काढायला गेलो आणि बेळगावपर्यंत दरवाज्याजवळ बॅगेवर बसून गेलो.