आठवणीसाठी घरात सेन्सर लावताय? या चुका टाळा

इस्त्री बंद केली का, दुपारची गोळी घेतली का, किल्ली कुठे ठेवली. अशा प्रश्नांसाठी स्मार्ट प्लग (उपकरण किती वीज घेतंय ते ॲपमध्ये दाखवणारे), दाराचे चुंबकी सेन्सर, एनएफसी स्टिकर (फोन टेकवला की नोंद करणारे), किल्लीला अडकवायचे ब्लूटूथ टॅग आता सहज मिळतात. हौसेने लावलेली ही उपकरणं पुढे नुसती पडून राहतात, तेव्हा ती बहुधा बिघडलेली नसतात. सेन्सरला जे कळतं ते वेगळं असतं आणि आपण त्याच्याकडून जे ऐकायला बसलेलो असतो ते वेगळं.

‘डबा उघडला’ म्हणजे ‘गोळी घेतली’ नव्हे

सगळ्यात धोक्याची चूक हीच. डब्याला किंवा औषधांच्या ड्रॉवरला लावलेल्या सेन्सरला फक्त झाकण हललेलं कळतं. आईने चष्मा शोधायला ड्रॉवर उघडला, तरी नोंद पडते. ॲपमध्ये मेसेज लिहिताना ‘गोळी घेतली’ असं लिहून ठेवलं, तर विसराळू माणूस स्वतःच्या शंकेपेक्षा त्या मेसेजवर विश्वास ठेवतो आणि गोळी राहून जाते. म्हणून मेसेज असा ठेवा: ‘९:१० ला डबा उघडला’. सोबत वारांचे कप्पे असलेला डबा वापरा. गोळी आहे की नाही, हे कप्प्यात बघूनच ठरवायचं. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा दुसरा डोस सेन्सरच्या नोंदीवरून कधीच घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे रोज नऊला वाजणारा गजर. आठवड्याभरात हात आपोआप तो बंद करायला शिकतो. त्यापेक्षा नियम उलटा लावा: ९:३० पर्यंत डबा उघडला नाही, तरच वाजव. आणि आवाज डब्यापाशीच होऊ द्या. हॉलमध्ये गजर बंद करून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत गोळी डोक्यातून जाते.

गोळी घेतल्यावर फोन टेकवून नोंद करायची असेल, तर स्टीलच्या डब्यावर साधं एनएफसी स्टिकर चिकटवू नका. धातूमुळे फोनला ते वाचताच येत नाही. स्टिकर प्लास्टिकच्या झाकणावर लावा, नाहीतर फेराइटचा (धातूचा अडथळा टाळणाऱ्या चुंबकी पदार्थाचा) थर असलेलं ‘ऑन-मेटल’ स्टिकर मागवा. वाचण्याचं अंतर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असतं, त्यामुळे जाड कव्हर आड येतं. अँड्रॉइड फोनची स्क्रीन चालू आणि लॉक उघडलेलं हवं.

इस्त्रीचा शून्य वॅट फसवा असतो

१००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते, ६ अँपिअरच्या प्लगवर चालते. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचाच प्लग लागतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. फसगत पुढे होते. इस्त्री तापली की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. नेमक्या त्या मधल्या वेळात ॲप बघितलं, तर ० वॅट दिसतं आणि आपण निर्धास्त. म्हणून क्षणाचा आकडा बघू नका. ‘गेल्या १० मिनिटांत एकदाही २० वॅटच्या वर गेली असेल तर चालू समज’ असा नियम लावा.

इस्त्री चालू राहिल्याचा इशारा कधी यावा, हेही महत्त्वाचं. लोक तो फोनच्या लोकेशनवर लावतात. पण फोनचं लोकेशन-कुंपण (घराभोवतीची हद्द, जी ओलांडली की इशारा येतो) १००–१५० मीटरपेक्षा लहान ठेवलं तर भरवशाचं चालत नाही, शिवाय इशारा यायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात. तोवर तुम्ही रिक्षात बसलेले असता. घरातून निघतानाच्या आठवणीसाठी मुख्य दाराचा सेन्सर वापरा: दार उघडलं आणि इस्त्री चालू असेल, तर दाराजवळचा स्पीकर बोलेल. वाटेत दूध-भाजी आणायच्या आठवणीसाठी मात्र लोकेशन चांगलं. त्या ॲपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’, बॅटरीचं बंधन काढलेलं आणि ऑटोस्टार्ट (ॲपला आपोआप सुरू होऊ देणारं सेटिंग) चालू, एवढं तपासा. ‘कधी येतं, कधी येत नाही’ ही तक्रार बरेचदा इथेच मिटते.

वीज जाऊन आल्यावर प्लगने काय करायचं, हे सेटिंगमध्ये ‘बंद’ ठेवा. ‘पूर्वीसारखं’ ठेवलं, तर तुम्ही घरात नसताना इस्त्री पुन्हा तापेल. असे बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. जोडणी होत नसेल तर आधी तेच बघा.

दार, गॅस, किल्ल्या

दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे (सेन्सर आणि चुंबक) दार बंद असताना साधारण १० मिलिमीटरच्या आत यायला हवेत. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, पूर्ण लागत नाही आणि ‘दार उघडं आहे’ची भुणभुण सुरू होते. लावतानाच ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. लोखंडी सेफ्टी डोअरवर दोन्ही तुकड्यांखाली प्लास्टिकची पट्टी घाला, कारण लोखंड चुंबकाचा जोर खातं.

गॅस गळतीचा सेन्सर विसरलेल्या शेगडीबद्दल काहीही सांगत नाही. शेगडी पेटलेली असते तेव्हा गॅस जळत असतो, गळत नसतो. त्यासाठी शेगडीच्या वरच्या भिंतीवर तापमानाचा सेन्सर लागतो. गळतीचा सेन्सर वेगळा, आणि सिलिंडरचा गॅस (एलपीजी) असेल तर तो जमिनीपासून फूटभर उंचीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. छताजवळ लावलेला सेन्सर फार उशिरा ओरडेल.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर शांत बसून पेपर वाचणाऱ्या आजोबांना ‘खोलीत कोणी नाही’ ठरवतो. नागपूरच्या मे महिन्यात तर भिंती अंगाइतक्या तापतात, आणि त्याला माणूस वेगळा ओळखणं आणखी जड जातं. ‘आजोबा आहेत का’ हे त्याच्यावर सोपवू नका.

किल्लीच्या टॅगमध्ये बॅटरी बदलल्यावर तो चालू होत नसेल, तर नव्या सीआर२०३२ बॅटरीवर कडू थर आहे का बघा. मुलांनी गिळू नये म्हणून तो लावतात. ॲपलच्या एअरटॅगसारख्या टॅगमध्ये तो संपर्काच्या जागी आला, तर वीज पोचत नाही. बिनथराची बॅटरी घाला, आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.