निबंध, जर्नल, रोजनिशी : लिहिताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या सोसायटीतल्या दहावीच्या मुलांच्या वह्या माझ्याकडे यायला लागतात. मी बारावीला आहे, कला शाखेत, आणि मराठी माझा आवडता विषय, त्यामुळे "ताई, एकदा बघून दे ना" हे ठरलेलंच. मुलं वेगवेगळ्या शाळांतली. तरी पावसावरचा निबंध उघडला की प्रत्येक वहीत धरतीने हिरवा शालू नेसलेला असतो, मोर पिसारा फुलवून नाचत असतो आणि बळीराजा सुखावलेला असतो. पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने यातलं काय पाहिलंय? हीच मुलं खाली पार्किंगमध्ये गप्पा मारायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. लिहायला बसली की मात्र दुसऱ्याचं पाहिलेलं लिहितात. बाकीच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात, म्हणून आधी याबद्दलच बोलते.

पाठ केलेला निबंध

पाठ का करतात ते मला समजतं. परीक्षेची भीती असते, क्लासमध्ये छापील निबंध हातात पडतात, अप्पा बळवंत चौकात निबंधांची पुस्तकं मिळतात, आणि आता मोबाईलला विचारलं की अर्ध्या मिनिटात अख्खा निबंध तयार. पण दहावीच्या मराठीच्या, म्हणजे कुमारभारतीच्या, कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा यांपैकी दोन, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. यात प्रसंग दिलेला असतो, मुद्दे दिलेले असतात. तुम्ही पाठ केलाय 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि समोर आलंय 'अचानक आलेल्या पावसाने उडालेली तारांबळ'. मग मोर कुठे बसवायचा? मुलं तो बसवतात, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं, कारण त्या गठ्ठ्यात तसेच मोर आणखी कितीतरी असतात.

त्यापेक्षा आपला पाऊस आठवा. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, डेक्कनवरून पेठेत जाणाऱ्यांना वळसा पडतो आणि झेड ब्रिजवर पाणी बघायला माणसं गोळा होतात. रिक्षावाले नेमके तेव्हाच नाही म्हणतात. घरी शाळेच्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले असतात, मोजे फ्रीजच्या मागे वाळत असतात आणि सकाळी गणवेश इस्त्री फिरवून वाळवावा लागतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, ते पाठ करावं लागत नाही. 'पावसामुळे सर्वांची खूप तारांबळ उडाली' हे वाक्य कुणीही लिहील. 'दप्तर भिजू नये म्हणून मी ते पोटाशी धरलं आणि स्वतः पूर्ण भिजलो' हे तुम्हीच लिहाल.

"पण ताई, हे निबंधासारखं वाटत नाही," असं मला हमखास ऐकवलं जातं. यावर मी मुक्ता साळवे यांचं नाव सांगते. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखांविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या माणसांवर काय बेततं ते तिने पाहिलं होतं, आणि तेच तिने थेट लिहिलं. आज 170 वर्षांनंतरही तो निबंध वाचला जातो, अभ्यासला जातो. आपल्याच शहरातल्या एका विद्यार्थिनीचं लिखाण आहे ते. आपलं जगणं लिहिण्याजोगं नाही असं वाटलं की तिची आठवण काढा.

आत्मकथनातही हीच चूक होते. 'मी पुस्तक बोलतेय' म्हटलं की पुस्तक ज्ञानाचा सागर होतं, मानवाचा मित्र होतं, आणि शेवटी वाचन वाढवा म्हणून उपदेश करतं. अप्पा बळवंत चौकातलं एखादं जुनं पुस्तक हातात घेऊन बघा. पहिल्या पानावर एकाखाली एक तीन नावं, वरची दोन खोडलेली. कोपऱ्यात पेन्सिलने किंमत. पहिल्या दोन धड्यांत ओळीन् ओळ अधोरेखित, आणि पुढे एकही खूण नाही. हे पुस्तक बोलायला लागलं तर कुणाबद्दल बोलेल? पहिल्या मालकाने उत्साहात सुरुवात केली आणि मध्येच का सोडलं, याबद्दल. तिसऱ्याच्या हातात जाताना त्याला काय वाटलं, याबद्दल. इथे कल्पनेला खरं काम मिळतं, कारण तिला धरायला काहीतरी असतं.

सुचतच नाही, तेव्हा

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बहुतेक वेळा सुचत नसतं ते पहिलं वाक्य. बाकीचं डोक्यात असतंच. चूक ही की पहिलं वाक्य जमल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मुलं ठरवून टाकतात आणि कोऱ्या पानाकडे बघत बसतात. सराव करताना कच्च्या वहीत त्या विषयाशी जोडलेल्या वस्तू, जागा, माणसं आणि ऐकलेली वाक्यं सुचतील तशी लिहून काढा. त्यातली जी सगळ्यात जिवंत वाटते तिच्यापासून सुरू करा, अगदी प्रसंगाच्या मधूनही. सुरुवात नंतर लावता येते, आणि पुष्कळदा ती लावायची गरजही उरत नाही.

तरीही रिकामं वाटलं तर घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. मात्र नीट विचारा. "आजी, पूर कसा होता गं?" असं विचारलंत तर "फार भयंकर होता" एवढंच उत्तर येईल. पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर अजून जिवंत आहे. धरण फुटलं, खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आजीला विचारा की तेव्हा तू कुठे होतीस, घरातलं काय उचललंस, काय राहिलं, पाणी कुठवर आलं होतं, नंतर प्यायचं पाणी कुठून आणलंत. असे प्रश्न विचारले की आजी हाताने भिंतीवरची उंची दाखवते, शेजारणीचं नाव सांगते, हरवलेल्या पितळी डब्याबद्दल बोलते. बातमीलेखन असो, प्रसंगलेखन असो की प्रकल्प, यातूनच उभा राहतो. प्रकल्पासाठी इंटरनेटवरून पानं छापून आणणाऱ्यांनी एकदा तरी हे करून बघावं.

शोभेचे शब्द आणि उसने सुविचार

नयनरम्य, विलोभनीय, अविस्मरणीय, मन प्रसन्न झाले, अंगावर शहारे आले. असे शब्द पेन्सिलने खोडा आणि उरलेलं वाक्य वाचा. काहीच उरलं नाही तर तिथे सांगण्यासारखं काही नव्हतंच. सिंहगडावरून दिसणारं दृश्य 'विलोभनीय' म्हणण्याऐवजी काय दिसलं ते लिहा : खाली खडकवासल्याचं पाणी, मागे टॉवर, हातात दह्याचं मडकं.

सुविचाराने सुरुवात करायचीच असेल तर तो कुणाचा हे पक्कं माहीत असू द्या. मोबाईलवर फिरणाऱ्या वाक्यांखाली वाटेल त्या थोर माणसाचं नाव चिकटवलेलं असतं. थोरांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेलं वाक्य घालणं मला फार चुकीचं वाटतं, मग परीक्षेत ते चालून जावो न जावो.

शुद्धलेखन शेवटी बघू

शेवटी ते कुणीच बघत नाही. शिवाय "मराठीचे नियम फार अवघड" असं म्हणत ते वाचायचेही राहतात. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 ची भर धरून सगळे 18 आहेत, काही पानांत मावतील एवढेच. त्यातले दोन-तीन नीट समजले तरी वहीतल्या लाल खुणा निम्म्यावर येतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : पाटी, किती, कवी, गुरू. अपवाद मोजके, त्यात 'आणि' आणि 'परंतु' रोजच्या वापरातले. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व : दिवा, विळा, सुरी. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीचा दीर्घ : फूल, मूल, गरीब, वकील. पण प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो : फुलाला, मुलाला, गरिबाला, वकिलाला. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथेच, 'मूल' बरोबर लिहितात आणि पुढच्याच ओळीत 'मूलाला' करतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपलं मूळ रूप राखतात, म्हणून 'परीक्षा'तला री दीर्घ आणि 'गुण'मधला गु ऱ्हस्व. निदान 'परीक्षा' हा शब्द तरी परीक्षेत चुकू देऊ नका.

दुसरी एक गोष्ट. 'करणं, पुस्तकं' असं लिहायचं की 'करणे, पुस्तके', ते आधी ठरवा. पत्रात आणि वैचारिक लेखनात 'करणे' बरं, संवादात 'करणं' शोभतं. एकाच परिच्छेदात दोन्ही आलं की लेखन अर्धवट वाटतं.

तपासायचं कसं? मोठ्याने वाचून. डोळे चूक वगळून पुढे जातात, पण वाचताना जीभ अडखळते. परीक्षेत ओठ हलवून वाचा.

पत्रात एकच गोष्ट सांभाळा. 'आमच्या परिसरात कचरा साचला आहे' एवढ्यावर थांबू नका. कुठे, कधीपासून, कुणाला काय त्रास होतोय आणि नेमकं काय करून हवंय, हे लिहा. महापालिकेतला माणूस तुमचं पत्र वाचून थेट त्या जागी पोहोचला पाहिजे. आणि परीक्षेत स्वतःचं खरं नाव-पत्ता घालू नका, प्रश्नात दिलेलंच वापरा.

जर्नल

विज्ञानाच्या प्रयोगांची जर्नल म्हणजे मैत्रिणीचं बघून उतरवायची वही, असा समज सगळीकडे आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात आणि सगळ्या वर्गाची निरीक्षणं दशांशापर्यंत एकसारखी निघतात. बहिर्वक्र भिंगाचा प्रयोग घ्या. भिंग खिडकीसमोर धरलं की लांबचं झाड मागच्या कागदावर उलटं उमटतं. कागद पुढेमागे करत चित्र स्पष्ट होईपर्यंत थांबायचं आणि भिंगापासूनचं अंतर मोजायचं. ते साधारण नाभीय अंतर. शेजारच्या गटाचं 10 सेंमी आणि तुमचं 10.6 आलं, तर 10.6 च लिहा. हात हलला असेल, झाड पुरेसं लांब नसेल, चित्र कुठे सर्वांत स्पष्ट आहे हे ठरवताना फरक पडला असेल. ते कारण जर्नलमध्ये लिहिता आलं तर प्रयोग समजला. निरीक्षण त्याच तासाला कच्च्या वहीत पेन्सिलने लिहून ठेवा. घरी फक्त नीट उतरवायचं राहतं, आणि आदल्या रात्रीची धावपळ वाचते.

रोजनिशी

एक जानेवारीला जाडजूड डायरी घेतली जाते आणि संक्रांतीपर्यंत 'आज काही विशेष झाले नाही' हे वाक्य उगवतं. चूक दोन ठिकाणी आहे. एक, पानभर लिहायचं ठरवलेलं असतं. दुसरी, विशेष घडण्याची वाट बघितली जाते. मी साधी दोनशे पानी वही वापरते आणि रोज कुणाचं तरी एक वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते. पीएमपी बसचा कंडक्टर "पुढे सरका, पुढे सगळं रिकामं आहे" म्हणतो, त्यावर मागून एक आजोबा "मग तुम्हीच जाऊन बसा की तिथे" म्हणतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणारा दादा फोनवर घरच्यांना "जेवलो, जेवलो" म्हणतो, आणि डबा तर समोर बंद असतो. कथालेखनात संवाद कसे लिहू म्हणून जे विचारतात, त्यांच्यासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही.

वेळापत्रकाबद्दलही थोडं. ते पुण्यात राहतो हे लक्षात घेऊन करा. गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव असतो. तुम्ही पथकात असा वा नसा, त्या काळात संध्याकाळी सात ते नऊ 'भूमिती' लिहून ठेवण्यात अर्थ नाही. तो अभ्यास सकाळी घ्या आणि संध्याकाळी जर्नलच्या आकृत्या काढा.

पेपर पूर्ण होत नाही

तीन तास पुरत नाहीत असं म्हणणारे पुष्कळदा गद्याच्या आकलनकृतींत अडकलेले असतात. चौकटी सुबक आखणं, एका शब्दाच्या उत्तरासाठी पूर्ण वाक्य लिहिणं, यात वेळ जातो. घरी घड्याळ लावून एक कृतिपत्रिका सोडवा आणि प्रत्येक विभाग संपला की वेळ समासात टिपून ठेवा. उपयोजित लेखनाला पाऊण ते एक तास उरला पाहिजे. उरत नसेल तर वेळ कुठे जातोय ते समासातल्या आकड्यांवरून दिसेलच, आणि पुढच्या सरावात तेवढाच विभाग आवरायचा.