पीटर कुशिंगच्या आठवणीत घरी पिक्चरची संध्याकाळ कशी करायची

जुन्या भयपटांमुळे गाजलेला ब्रिटिश नट पीटर कुशिंग, त्याची जयंती २६ मे ला आणि पुण्यतिथी ११ ऑगस्टला. जन्म १९१३ चा, गेला १९९४ मध्ये. दरवर्षी या दोन तारखांना त्याचे फॅन्स फोटो टाकतात, जुनी पोस्टर्स टाकतात, ते छानच आहे पण मला विचाराल तर नटाची आठवण काढायची म्हणजे त्याचं काम नीट बसून बघायचं, आणि एकट्याने नाही, ज्यांनी त्याला कधी पाहिलंच नाही अशा चार-पाच जणांना सोबत घेऊन. मी हे काही वर्षं घरी करतोय, त्यात जे जमलं आणि जे फसलं ते सांगतो.

आधी तारीख. शक्यतो मे मधली घ्या, कारण २७ मे ला ख्रिस्तोफर ली आणि व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतल्याच दुसऱ्या दोन नटांचे वाढदिवस येतात (ली १९२२ चा, प्राइस १९११ चा), म्हणजे एक दिवस कुशिंगचा आणि दुसऱ्या दिवशी जमलं तर या दोघांचा. शिवाय मुलांना सुट्टी असते. ११ ऑगस्ट केलीत तर एकच पिक्चर ठेवा.

पहिल्या वर्षी मी चूक केली ती अशी की सगळ्यांना "भयंकर हॉरर आहे, या" असं सांगून बोलावलं. लोक दचकायच्या तयारीने आले आणि पिक्चर आपला शांतपणे चाललाय, पडद्यावरचं लालभडक रक्त बघून दोघं हसायला लागले आणि पहिल्या अर्ध्या तासातच मोबाईल बाहेर निघाले. दोष त्यांचा नव्हता, मी त्यांना काय बघायचंय तेच सांगितलं नव्हतं. म्हणून आता सुरू करायच्या आधी दोन मिनिटं बोलतो. सांगतो की १९५७ मध्ये ब्रिटनच्या हॅमर या पिक्चर काढणाऱ्या कंपनीने 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला तो त्यांचा पहिला रंगीत भयपट, तोपर्यंत लोकांना असले पिक्चर बहुतेक ब्लॅक अँड व्हाइटच माहीत होते, तेव्हा ते लाल रक्त बघून थिएटरातल्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार करा. आणि दुसरं म्हणजे, कुशिंगच्या हातांकडे बघा. बस, एवढंच. हे सांगितल्यापासून आमच्याकडे कुणी मध्येच उठलेलं नाही.

हातांचं का म्हणतो ते सांगतो. हातात वस्तू घेऊन काम करण्यात या माणसाचा हात कुणी धरू शकत नाही. भिंग, चष्मा, पेन, बॅग, सतत काहीतरी चालू असतं आणि ते कधीच उगाच वाटत नाही. 'कर्स' मध्ये फाशी दिलेल्या माणसाचं डोकं कापून झाल्यावर तो रक्ताचा हात स्वतःच्या कोटालाच पुसतो, अगदी सहज, आपण स्वयंपाक करताना नॅपकिनला पुसतो तसा. त्या एका पुसण्यात कळतं की या फ्रँकेन्स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाला माणसाच्या शरीराची काही किंमत उरलेली नाही. डायलॉगची गरजच नाही.

पण घरच्या कार्यक्रमाला मी 'कर्स' ने सुरुवात करत नाही. १९५८ चा 'ड्रॅक्युला' लावा, टेरेन्स फिशरने डायरेक्ट केलेला, ली ड्रॅक्युला आणि कुशिंग त्याच्या मागावर असलेला व्हॅन हेल्सिंग. जेमतेम ८२ मिनिटांचा आहे, साडेआठला जेवणं उरकून लावलात तर दहाच्या आत संपतो, म्हातारी माणसंही बसू शकतात. डिस्क घेणार असाल तर २०१३ नंतरची घ्या कारण सेन्सॉरने कापलेले काही तुकडे २०११ मध्ये जपानच्या फिल्म संग्रहात सापडले आणि ते जोडून नवीन प्रिंट आली. सबटायटल्स इंग्रजी का होईना पण चालू ठेवा.

या पिक्चरमध्ये दोन जागा अशा आहेत की तिथे कुणाला बोलू देऊ नका. एक सगळ्यांना माहीत असते ती शेवटची, व्हॅन हेल्सिंगने लांब टेबलावरून पळत जाऊन पडदे खाली ओढायचे आणि मग दोन मेणबत्त्यांचे स्टँड एकमेकांवर आडवे धरून क्रॉस करायचा, ही स्टँडची आयडिया कुशिंगचीच होती. दुसरी मात्र मला जास्त आवडते. स्मशानात तान्या नावाच्या लहान मुलीला वाचवल्यानंतर व्हॅन हेल्सिंग तिच्याजवळ बसतो, थंडीत कुडकुडतेय म्हणून स्वतःचा कोट काढून तिच्याभोवती गुंडाळतो आणि म्हणतो की तू आता टेडी बेअर सारखी दिसतेस. आत्ता दोन मिनिटांपूर्वी समोर पिशाच्च होतं आणि हा माणूस त्या पोरीशी आजोबांसारखा बोलतोय. माझ्या आईने तो सीन बघून विचारलं, "हा खऱ्या आयुष्यात पण असाच होता का गं माणूस?" हे ती बहिणीला विचारत होती पण उत्तर मीच दिलं, की हो, त्याच्यासोबत काम केलेले सगळे हेच सांगतात.

ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी दुसरा पिक्चर म्हणून १९७२ चा 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' ठेवा, त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पूर्ण नाही, फक्त त्यातली कुशिंगची, म्हणजे ग्रिम्सडाइक नावाच्या म्हाताऱ्याची गोष्ट. त्याआधी एक सांगावं लागतं. कुशिंगची बायको हेलन जानेवारी १९७१ मध्ये गेली आणि तो त्यातून कधीच पूर्ण सावरला नाही. या गोष्टीत तो एकटा राहणारा विधुर आहे, गल्लीतली पोरं त्याच्यावर जीव टाकतात, आणि घरी तो गेलेल्या बायकोशी बोलतो, जिचं नाव हेलनच आहे. पुढे काय होतं ते सांगत नाही. हा भाग लहान मुलं झोपल्यावर लावा.

मुलं असतील तर सुरुवातीला ब्रिटिश पाथेची १९५६ ची छोटी न्यूजरील दाखवा, नेटवर मिळते. कुशिंग स्वतःच्या घरी जमिनीवर पसरलेल्या खेळण्यातल्या सैनिकांची लढाई मांडून बसलाय. सैनिकांचा त्याला फार नाद होता, चित्रंही काढायचा. मुलं एकदम त्याच्या बाजूची होतात. शिवाय ज्यांना 'स्टार वॉर्स' माहीत आहे त्यांना सांगा की १९७७ च्या पिक्चरमधला खलनायक टार्किन हाच, आणि बूट फार घट्ट होते म्हणून पाय दिसणार नाहीत अशा शॉट्समध्ये तो घरातल्या सपाता घालून उभा होता. हे ऐकून मुलं पुढच्या वेळी त्याचे पाय शोधत बसतात.

बाकी तयारी साधी. ट्यूबलाइट बंद पण कोपऱ्यात एक दिवा चालू ठेवा, पूर्ण अंधार केला की लोक परत दचकायचीच वाट बघतात. चहा थर्मासमध्ये आधीच भरून ठेवा. संपल्यावर लगेच लाइट लावू नका, ज्याला जे आठवतंय ते एकेकाने सांगायचं.

यूकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी शेवटी एक. कुशिंग केंटमधल्या व्हिटस्टेबल गावात राहायचा, लंडन व्हिक्टोरियाहून ट्रेनने साधारण दीड तास. गावाच्या म्युझियममध्ये त्याच्या वस्तू आहेत, आणि समुद्राकडे तोंड करून 'कुशिंग्ज व्ह्यू' नावाची जागा आहे तिथे बाक ठेवलाय. किनाऱ्याला वाळू कमी, गोटेच जास्त, तेव्हा चपला नकोत बूट घाला. गाव कालवांसाठी प्रसिद्ध आहे, कोकणातल्यांना सांगायला नकोच. संध्याकाळी जा, सूर्य मावळताना त्या बाकावर जागा मिळाली तर अर्धा तास बसा, आणि जाकीट न्या, वारा खूप असतो.