बाइकचा रिले ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

गणपतीच्या दोन दिवस आधी कोकणातल्या कुठल्याही गॅरेजवर जा, एकच तक्रार ऐकू येते: “वर्षभर पडवीत उभी होती, आता सेल्फच घेत नाही. रिले गेला वाटतं.” रिले म्हणजे बटणाच्या छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच: आतली कॉइल ओढते आणि कॉन्टॅक्ट जुळतात. नवा रिले बसतो, गाडी चालू होते आणि विसर्जनाच्या दिवशी पुन्हा रुसते. जुना रिले बऱ्याचदा धडधाकटच असतो. खाऱ्या, दमट हवेत आधी खराब होतात त्या सॉकेटमधल्या पिना आणि अर्थिंगचे बोल्ट. तांब्यावर हिरवट थर चढतो, करंट अडतो. रिले उपसून दुसरा खोचताना तो थर थोडा खरवडला जातो, म्हणून नव्या रिलेचा गुण आला असं वाटतं. त्यामुळे पहिली तपासणी फुकटची: तोच जुना रिले काढून चार-पाचदा आत-बाहेर करा. गाडी सुरू झाली तर पैसे रिलेवर नाही, सॉकेट साफ करण्यावर घाला.

आवाज न ऐकताच निदान

सेल्फ दाबल्यावर ‘कटकटकट’ असा भराभर आवाज आला तर संशय बॅटरीवर घ्या. रिले ओढतो, मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, रिले सोडतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढतो. हा आवाज त्याचाच. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विसाव्याला सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी तरी गेली किंवा टर्मिनल ढिलं आहे.

एकदाच ‘टक्’ आणि पुढे काहीच नाही, तर कॉइल शाबूत आहे. आतले कॉन्टॅक्ट, जाड वायर किंवा मोटर बघा. अजिबात आवाज नाही, तर बहुधा कॉइलपर्यंत करंटच पोहोचत नाही, किंवा कॉइलच तुटली आहे. फ्यूज, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा), क्लच स्विच, साइड स्टँडचा स्विच या क्रमाने जा. पोरं उभ्या गाडीवर बसून खेळतात आणि किल स्विच दाबून ठेवतात, हे आधी बघितलेलं बरं.

फक्त ओहम मोजून पास करणं

इथे भलेभले फसतात. हेडलाइट किंवा पेट्रोल पंपाच्या चार पिनांच्या रिलेत ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना, ३० वर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ मधून पुढे जातो. ८५-८६ मध्ये साधारण ६० ते १२० ओहम आले, १२ व्होल्ट दिल्यावर टक् झालं, ३०-८७ जुळले, की मेकॅनिक म्हणतो रिले चांगला. पण मल्टिमीटर ओहम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. कॉन्टॅक्टवर काजळी धरली असेल तरी तेवढा करंट सहज जातो. हेडलाइटचे चार-पाच अँपिअर मागितले की खरा रंग दिसतो.

म्हणून रिले जागेवर ठेवून, दिवा पेटलेला असताना, मीटर डीसी व्होल्टवर लावून ३० आणि ८७ च्या वायरींवर मागून मीटरची टोकं टेकवा. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कॉन्टॅक्ट जळालेत किंवा पिना सैल आहेत. सेल्फच्या रिलेला हीच चाचणी दोन जाड बोल्टांवर, सेल्फ दाबून. तिथे जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसलं आणि टक् आवाजही आला, तर कॉन्टॅक्ट जुळतच नाहीत. रिले खरोखर गेला.

आणखी एक चकवा: गार असताना चालणारा आणि घाट चढून तापल्यावर बंद पडणारा रिले. तो तापलेला असतानाच मोजा. संध्याकाळी गार झाल्यावर गॅरेजात नेलात तर तो शहाण्यासारखा वागतो.

दिसतो सारखा, म्हणून लावला

शेजारच्या रिलेशी अदलाबदल करून बघणं ही चांगली युक्ती आहे, पण रिलेवर छापलेला आकडा आणि पिनांची आकृती जुळली तरच. पाच पिनांच्या रिलेत ८७ए असते. कॉइल बंद असताना ३० तिच्याशी जोडलेली राहते. काही रिलेत कॉइलवर डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) असतो, त्याला उलट करंट दिला की फ्यूज उडतो.

इंडिकेटर भराभर लुकलुकतात म्हणून फ्लॅशर (ते लुकलुकवणारा रिले) बदलू नका, आधी चारही बल्ब बघा. एलईडी लावले असतील तर भार कमी पडतो. एलईडीला चालणारा फ्लॅशरच हवा.

पॉलिश पेपर आणि पाण्याचा फवारा

पिना पॉलिश पेपरने घासल्या की वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी लवकर येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने झाडा, वाळू द्या, मग डायलेक्ट्रिक ग्रीसचा (ओल रोखणारं, वीज न वाहणारं ग्रीस) पातळ हात. सॉकेटची मादी पिन पसरली असेल तर बारीक सुईने जवळ घ्या, नाहीतर बाकी सगळी मेहनत वाया. गावाकडे मुंग्या नि उंदरांनी केलेला उपद्रवही सीटखाली डोकावून बघा.

काशीद-गुहागरच्या पुळणीवर गाडी घालणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो. निदान त्याच दिवशी गोड्या पाण्याने, कमी जोराने धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरचा नोझल सीटखाली जाऊ देऊ नका. वेगळे दिवे लावताना रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि अर्थिंग रंगावर नको, खरवडलेल्या धातूवर.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ मारणं

सेल्फच्या रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने जोडले की मोटर फिरते, पण साइड स्टँड आणि क्लचची सुरक्षा वगळली जाते. गाडी गिअरमध्ये असेल तर उडी मारते, आणि जवळ पेट्रोल गळत असेल तर ठिणगी पुरते. करायचंच तर न्यूट्रल करा, अंगठी-घड्याळ काढा.

याच्या उलट, बटण सोडलं तरी मोटर फिरतच राहिली तर चावी फिरवत बसू नका. कॉन्टॅक्ट आतून चिकटलेत. पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह लगेच काढा. तो रिले ठोकून सुटला तरी परत वापरायचा नाही, आणि नवा लावायच्या आधी बॅटरी चार्ज करून घ्या. कमी व्होल्टेजवर वारंवार सेल्फ मारल्यानेही कॉन्टॅक्ट असे चिकटतात.