आधी नावं विचारा, हकीकत नंतर ऐका: वकिलांनी टाळायच्या चुका

विषय आहे हितसंबंधांच्या संघर्षाचा, म्हणजे एकाच वकिलाने परस्परविरोधी बाजूंच्या कामात अडकण्याचा. ज्युनिअर असताना माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. सिनिअर कोर्टात होते, मी ऑफिसात एकटाच. एक बाई वाटपाच्या दाव्यासाठी आल्या. पाऊण तास त्यांनी सगळी हकीकत सांगितली, पिशवीतून सातबारा आणि फेरफार काढून दाखवले. मी कागद चाळून "दावा टिकेल" असं सांगूनही मोकळा झालो. पत्ते लिहून घेताना समोरच्या पक्षाचं नाव विचारलं, तर ते सिनिअरांचे जुने अशील निघाले. आठवड्याभरात तेही नोटीस घेऊन आले. सिनिअरांनी दोघांनाही नाही म्हटलं. त्या गृहस्थांनी आपल्या बाकीच्या फाइलीही उचलून नेल्या. सिनिअर मला एवढंच म्हणाले, "तू त्या बाईंना सल्ला दिलास. आता आपण त्यांच्याविरुद्ध उभं राहू शकत नाही."

फी घेतली नाही, वकीलपत्रावर सही नाही, म्हणजे आपण मोकळे, हा समज अजूनही बार रूममध्ये ऐकू येतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमांतला नियम ३३ वाचून पाहा. दाव्याबाबत सल्ला दिला असेल, कैफियत किंवा अर्ज लिहून दिला असेल किंवा एखाद्या पक्षकाराचं काम पाहिलं असेल, तर त्याच प्रकरणात विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. फीचा तिथे उल्लेखच नाही. दोन्ही बाजूंची लेखी संमती घेतली की झालं, असंही काही जण मानतात. त्या नियमात संमतीची सवलतही दिलेली नाही.

म्हणून पहिल्या भेटीत हकीकत सुरू होण्याआधी नावं घ्या: पक्षकार, समोरचे सगळे, कंपनी असेल तर संचालक, भागीदारी असेल तर भागीदार. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाची चार माणसं सापडतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि गाव लिहिल्याशिवाय नोंद उपयोगाची नाही. जुन्या अशिलांची अक्षरवार वही ठेवा किंवा कॉम्प्युटरवर यादी करा. मात्र ती कारकुनालाही पाहता आली पाहिजे, कारण फोन बहुधा तोच उचलतो. ज्युनिअर नवीन ऑफिसात रुजू होतो तेव्हा आधीच्या ऑफिसातली प्रकरणं त्याच्या डोक्यात असतातच. ती नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती घरच्या कागदांत. भाऊ तुमचा अशील. तो दोन बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करायला घेऊन येतो. सगळे हसतखेळत बसलेले, चहा येतो, आणि धाकटी बहीण हळूच विचारते, "वकीलसाहेब, यात माझं काय जाणार?" खरं उत्तर दिलंत तर अशिलाचं नुकसान, गोड बोलून टाळलंत तर तिची फसवणूक. आणि जाणारं काही थोडंथोडकं नसतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. २००५ साली वडील हयात असणं गरजेचं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं.

अशा वेळी मी लेखणी खाली ठेवतो आणि सांगतो, "ताई, मी तुमच्या भावाचा वकील आहे. या कागदाचा सल्ला तुम्ही तुमच्या वकिलाकडून घ्या, आज सही करू नका." भाऊ नाराज होतो, कधी दुसरीकडे जातो. जाऊ द्यावं. पाच वर्षांनी त्याच बहिणीने "मला न सांगता सही घेतली" म्हणून दावा लावला, तर त्या खोलीत काय बोलणं झालं याचे साक्षीदार तुम्हीच असता. ज्या प्रकरणात आपल्याला साक्ष द्यावी लागेल असं वाटण्याजोगं कारण आहे, त्याचं वकीलपत्र घेऊ नये, असं नियम १३ सांगतो. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तुमच्याच अशिलाला दुसरा वकील शोधावा लागतो.

नवरा-बायको दोघांचा वकील एकच असेल, तर परस्परसंमतीच्या घटस्फोटातही हेच होतं. पहिला अर्ज आणि दुसरी तारीख यांच्यामध्ये एकाचं मन बदललं, तर दोघांचीही गुपितं तुमच्याकडे अडकलेली असतात. दोन आरोपींचं काम एकत्र घेतलंत आणि एकाने दुसऱ्यावर बोट दाखवलं, तर बचाव कोणाचा करणार?

अशिलाच्या मालमत्तेत स्वतः हात घालणं मात्र चूक म्हणण्याच्याही पलीकडचं आहे. ज्या प्रकरणात तुम्ही वकील होता, त्यातल्या हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निकालाच्या) अंमलबजावणीसाठी होणाऱ्या लिलावात बोली लावायला नियम २२ मनाई करतो. वादातली मालमत्ता आपल्याच अशिलाकडून विकत घेतल्याबद्दल एका वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) वर्षभर निलंबित झाली होती आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा कायम ठेवली. "अशीलच स्वस्तात देतोय, त्याची अडचण आहे" हे कारण कोणी सांगितलं की मला भीती वाटते. त्याच्या त्या अडचणीची पूर्ण माहिती असलेला माणूस वकीलच असतो.

गुंता मध्येच उघड झाला तर काय करायचं? फी जास्त देणाऱ्याला धरून दुसऱ्याला सोडू नका. दोघांचं ऐकलं असेल तर दोघांच्याही कामातून बाहेर पडा. कोर्टात "व्यावसायिक अडचण" एवढंच कारण द्या. गुपित उघड करून कारण पटवत बसू नका. दिवाणी कामात वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीशिवाय संपत नाही, तेव्हा अर्ज द्या, अशिलाला लेखी कळवा आणि नवा वकील लावायला पुरेसा वेळ राहील अशी तारीख मागा. न केलेल्या कामाची फी परत करा. फाइल अडवून ठेवू नका. थकलेल्या फीसाठी अशिलाचे कागद रोखता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सांगितलं आहे. काम सुटलं तरी ऐकलेलं गुपित राखायचंच असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही ते बंधन कायम आहे.

आणि त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवा: कोण आलं, किती वाजता, काय विचारलं, आपण काय सांगितलं, काम का नाकारलं. पुढे राज्य बार कौन्सिलकडे तक्रार गेली, तर अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा थेट सनद जाणं, यांपैकी काहीही होऊ शकतं. शिस्तपालन समितीपुढे तोंडी आठवणीपेक्षा त्या दिवसाचं ते पान दाखवता आलेलं बरं.